लाल झाकणं, पांढरी झाकणं

मॅडमनी माझ्याशी कधी घासाघीस केली नाही, हा त्यांच्यावरचा माझा पहिला आरोप.

मी जनावरांच्या धंद्यातला माणूस. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या, म्हणजे गोठवलेलं वीर्य भरलेल्या बारीक नळ्या, अतिथंड द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये ठेवाव्या लागतात. कांडी एकदा गरम झाली की संपली. उसन्या मोटरसायकलीला कॅन बांधून मी शहापूर आणि मुरबाडची गावं फिरायला लागलो, तेव्हा माझ्याकडे स्वतःची चप्पलही धड नव्हती. आज दोन टेम्पो आहेत, दोन्ही तालुक्यांत नायट्रोजन मीच पोचवतो आणि लोक शेट म्हणतात. हे सगळं तोंडाच्या जोरावर उभं केलं आहे. समोरचा कमी मागणार हे धरून मी जास्त सांगतो, तो हसतो, मी चिडतो, तो उठून जायचं नाटक करतो, मी त्याला परत बसवतो आणि मग सौदा होतो.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये मॅडमची प्रयोगशाळा होती. मॅडम पन्नाशी ओलांडलेल्या, उंच, जरा वाकून चालणाऱ्या. त्यांना दर आठवड्याला नायट्रोजन लागणार होता. मी दर सांगितला. त्या म्हणाल्या, "ठीक आहे." मी पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहिलो. त्या आत निघून गेल्या. त्या दिवशी मला हवं होतं त्यापेक्षा जास्त मिळालं आणि तरी घरी येईपर्यंत आपल्याला कुणीतरी फसवल्यासारखं वाटत राहिलं.

पुढे तीन महिन्यांनी त्यांच्या भिंतीवर एक तक्ता माझ्या नजरेस पडला. दोन रकाने. एकावर ‘सांगितलं’ आणि दुसऱ्यावर ‘आलं’. नायट्रोजन किती आहे ते बघायला कॅनमध्ये लाकडी पट्टी बुडवतात. बाहेर काढली की पट्टीवर जिथपर्यंत बर्फ धरतो तेवढा माल. मॅडम दर खेपेला माझ्यासमोर पट्टी बुडवत, बघत आणि काही न बोलता आत जात. मला वाटायचं, बाईला काही कळत नाही. तक्त्यात प्रत्येक वेळी दोन बोटं कमी लिहिलेलं होतं.

"हे काय आहे?" मी आवाज चढवला. "मला चोर म्हणायचंय का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "नायट्रोजन वाटेत उडतो. तो किती उडाला आणि मुळात किती कमी भरला होता, हे मला वेगळं करून सांगता येत नाही. म्हणून आलं तेवढं लिहिते."

यावर भांडण कसं करायचं? पुढच्या खेपेपासून मी कॅन गळ्यापर्यंत भरून द्यायला लागलो. पण मनात राग ठेवून.

ही दोन रकान्यांची सवय त्यांच्या अंगातच होती. माझ्या पुतण्याच्या लग्नाला आल्या तर पत्रिका हातात घेऊन आल्या. मुहूर्त बारा पाचचा. नवरदेवाच्या मित्रांचं नाचणं आटपून माळ पडली तेव्हा मॅडमनी घड्याळ बघून पत्रिकेच्या मागे वेळ लिहिली. मग माझ्या शेजारी येऊन अगदी शांतपणे विचारलं, "यात छापलंय की आपली उपस्थिती हाच आहेर. मग तिकडे टेबलावर ते गृहस्थ भांडी कोणाची लिहून घेताहेत?"

"अहो, छापायचं तसं असतं."

"आणि करायचं?"

"करायचं असं असतं."

"हां," म्हणाल्या, आणि तेही लिहिलं. वर त्यांनी आहेर आणला होता, पाण्याचा पितळी तांब्या. तो टेबलावर नोंदवला, नाव दोनदा सांगितलं आणि नीट लिहिलंय ना ते वाकून बघितलं.

कुणी काही सांगायला लागलं की त्या म्हणत, "हा कागद झाला. वस्तू दाखवा." शेडच्या वॉचमनने ‘टाकी धुतली’ म्हटलं की त्या शिडीवर चढत. आणि एकच गोष्ट दोघांना वेगवेगळं गाठून विचारत. त्यात संशय नसे. चहावाल्यालाही विचारत आणि मलाही विचारत, अगदी एका सुरात.

त्यांचं काम काय, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. गावातले लोक डॉक्टरीणबाई समजून खोकला-ताप घेऊन यायचे. त्या प्रत्येकाला सांगत, "मी ती डॉक्टर नाही," आणि सरकारी दवाखान्याची वाट दाखवत. एकदा माझा कॅन रिकामा होईपर्यंत वेळ होता, तेव्हा मीच विचारलं.

त्यांनी मला स्टुलावर बसवलं. म्हणाल्या, "तुमच्याकडे ऑर्डर कशी येते?"

"फोनवर. आधी चिठ्ठीवर यायची."

"चिठ्ठीच धरू. माणसाच्या प्रत्येक पेशीत एक मोठं कपाट आहे. त्यात काय काय बनवायचं ते सगळं लिहून ठेवलंय. ते जनुक. एखादी गोष्ट हवी झाली की कपाटातून तेवढीच नक्कल बाहेर येते. ती चिठ्ठी. चिठ्ठी बघून माल बनतो. तो माल म्हणजे प्रथिन. पेशीचं काम सगळं मालानं चालतं."

"म्हणजे ऑर्डर आणि डिलिव्हरी."

"अगदी तेच." त्या पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या. "आता डेंग्यूचा विषाणू पेशीत शिरला, की पेशी घाबरून धडाधड चिठ्ठ्या लिहिते. पण चिठ्ठ्या वाढल्या म्हणून माल वाढतोच असं नाही. काही चिठ्ठ्या विषाणू दाबून टाकतो. काही वेळा चिठ्ठी संपलेली असते आणि जुना माल अजून पडून असतो. बरेच जण नुसत्या चिठ्ठ्या मोजतात आणि म्हणतात, हे वाढलं, ते वाढलं. मला दोन्ही मोजायचंय. त्याच माणसाच्या पेशी, तोच तास, निम्म्या चिठ्ठीसाठी आणि निम्म्या मालासाठी. फरक कुठे पडतो ते बघायचं."

मग नळ्या दाखवल्या. पांढऱ्या झाकणाच्या नळ्या चिठ्ठ्यांच्या, लाल झाकणाच्या मालाच्या.

"मग चिठ्ठ्या मोजताच कशाला?" मी म्हटलं. "सरळ माल मोजा. ऑर्डर शंभर येतात. खरी ती डिलिव्हरी."

"चिठ्ठी नाही बघितली तर माल का अडला ते कळत नाही. आणि चिठ्ठी फार नाजूक असते. जराशी उबेला आली की गेली. माल त्या मानाने टिकतो."

हे शेवटचं त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. पण माझ्या डोक्यात माझंच वाक्य बसलं. खरी ती डिलिव्हरी.

प्रयोगाला माणसांचं रक्त लागणार होतं. निरोगी माणसांचं. त्यातल्या पेशी वेगळ्या काढून त्यांना लागण शेडमध्ये करायची. मॅडमना याच भागातली माणसं हवी होती, आणि इथे कुणी कुणाला ओळखीशिवाय दंड पुढे करत नाही. मी किन्हवलीकडच्या एका गावात शब्द टाकला. तिथली बचत गटाची काकी माझी जुनी गिऱ्हाईक. तिच्या तीन म्हशी माझ्याच कांड्यांच्या. तिने नऊ माणसं उभी केली, स्वतःसकट. मॅडमनी प्रत्येकापुढे बसून परवानगीचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. नऊ वेळा.

"बाई, माझ्या लग्नात भटजीनं पन येवढा वाचला नव्हता," काकी म्हणाली. "घ्या नं आता. म्हशी वरडतात तिकडं."

"अजून अर्धं पान आहे," मॅडम म्हणाल्या, आणि वाचलं.

नऊ जणांच्या नळ्या तयार होऊन फ्रीजरमध्ये गेल्या. साधा फ्रीज नव्हे, उणे ऐंशी अंशांचा. तिथून त्या पुण्याला मोजणीला जाणार होत्या. मॅडम सहसा कुठे जात नसत. एक दिवस मात्र जुन्नरला कामासाठी निघाल्या. त्यांचा मदतनीस स्वतःच्या साखरपुड्याला गेला होता.

मी किन्हवलीत एका गोठ्यात, खांद्यापर्यंत हातमोजा चढवलेला. फोन वाजला. माझा फोन कायम चालू असतो, कारण म्हैस वेळ बघून माजावर येत नाही. शेडचा वॉचमन होता.

"शेट, मॅडमच्या फ्रिजातना पानी सुटलाय."

"मॅडम कुठेत?"

"माळशेज चढल्या आसतील. फोन लागत नाय."

"बझर वाजला नाही का?"

"सकालपास्ना वाजतोय नं. मना वाटला इन्व्हर्टर वाजतोय. मंग दार उघडून बगितला. चार येला बगितला."

"ते दार बंद कर आधी!" मी इतक्या जोरात ओरडलो की म्हैस सरकली.

सरळगाववरून मुरबाड गाठलं. कॅन एकच होता, गाडीत. दुसरा शहापूरला घरी. फ्रीजरचा कॉम्प्रेसर बंद पडला होता. आतला बर्फ भिंतीवरून सुटून खाली आला होता. वरचे खोके अजून कडक, खालचे घाम फुटल्यासारखे.

माझ्या कॅनमध्ये माझ्या कांड्या होत्या. मुऱ्हा जातीच्या एका रेड्याच्या, वर्षभर नंबर लावून मिळवलेल्या. त्या रेड्याच्या रेडकांसाठी लोक मला आगाऊ सांगून ठेवायचे. मी त्या कांड्यांचे डबे उचलले आणि फरशीवर उपडे केले. बघता बघता त्या मेल्या. हे मी कुणी शाबासकी द्यावी म्हणून सांगत नाही. जे झालं ते सांगतोय.

पण कॅनचं तोंड अरुंद. खोका आत जात नाही. एकेक नळी सोडावी लागते. आणि सगळ्या मिळून मावणार नव्हत्या, निम्म्याच मावणार होत्या. वॉचमन खोका धरून उभा.

"शेट, कंच्या टाकू?"

मी एक क्षणही विचार केला नाही. धंदा करणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडतच नाही. आग लागली तर दुकानदार बिलबुक उचलतो का पोती ओढतो?

"लाल," मी म्हटलं. "फक्त लाल. पांढऱ्या राहू दे, त्या चिठ्ठ्या आहेत."

पांढऱ्या नळ्या दुपारभर खोक्यात बसल्या. बर्फाचा कारखाना शोधून लादी आणेपर्यंत त्या पाण्यासारख्या झाल्या होत्या.

मॅडम संध्याकाळी पोचल्या. आधी माझ्याकडून ऐकलं. मग केबिनमध्ये जाऊन वॉचमनकडून ऐकलं. मग कॅनचं झाकण काढून आत बघितलं. मी बाजूला उभा. खोटं कशाला सांगू, मला वाटत होतं की ही बाई आता तरी दोन गोड शब्द बोलेल.

"पांढऱ्या?"

"राहिल्या. पण माल वाचवला, मॅडम. सगळा. एकही नळी सुटली नाही."

त्या स्टुलावर बसल्या. फरशीवरच्या माझ्या कांड्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला नीट समजावलं नाही."

कुणी मला आईबापावरून शिवी दिली असती तरी इतका राग आला नसता. "म्हणजे काय?"

"लाल नळ्या बर्फावर आणखी काही तास निभावल्या असत्या. पांढऱ्यांना तुमचा कॅन हवा होता."

"ठीक आहे, चुकलं. पण लाल तर चांगल्या आहेत ना?"

"असतील."

"मग वापरा. पांढऱ्यांसाठी परत रक्त घ्या. मी माणसं आणतो उद्या."

"उद्याच्या रक्ताच्या चिठ्ठ्या आणि गेल्या महिन्याच्या रक्ताचा माल? दोन वेगळ्या दिवसांची गोष्ट एक म्हणून सांगू?"

"कोणाला कळणार आहे?"

"तुम्हाला कळलंच की."

त्यांनी वहीत वेळ लिहिली. मग कॅनमधून लाल नळ्या काढल्या आणि एकेक करून उघडून ब्लीचमध्ये सोडल्या. नऊच्या नऊ जणांच्या. माझ्या डोळ्यांदेखत. मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. वॉचमन केबिनमधून बाहेर आला आणि परत आत गेला. मॅडम मधे मधे "हो" म्हणत होत्या आणि नळ्या उघडत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुमच्या कांड्या गेल्या, त्या मी भरून देऊ शकत नाही. तो रेडा मला कुठून मिळणार?" हे बरोबरच होतं. म्हणून जास्त लागलं.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर मी विसरलो असतो. पण चौथ्या दिवशी त्या किन्हवलीकडे निघाल्या. मला म्हणाल्या, "लोकांना सांगावं लागेल."

"काय सांगायचं? अजून थोडं रक्त लागतंय म्हणा. देतील."

"पहिलं कुठे गेलं ते विचारतील."

"कुणी विचारत नाही, मॅडम! तुम्ही सांगितलंत तर माझा शब्द जाईल. ह्या गावात माझा धंदा शब्दावर आहे."

"मग तुम्ही येऊ नका."

न जाऊन कसं चालेल? मी नसताना काय बोलतील कुणास ठाऊक. गेलो. काकीच्या ओसरीवर नऊपैकी आठ जमले. मॅडमनी उभं राहून सांगितलं, तुमचं रक्त फुकट गेलं. फ्रीजर बंद पडला. मी गावाला जाताना मागे जबाबदार माणूस ठेवला नव्हता, ही माझी चूक.

काकीने माझ्याकडे बघितलं. "आन् ह्यो? ह्यो नव्हता का तिथं?"

कुणीही दुसरं असतं तर म्हणालं असतं, त्यांनी फार धावपळ केली. तेही खरंच होतं. मॅडम म्हणाल्या, "होते. यांनी स्वतःच्या कांड्या फेकून अर्ध्या नळ्या वाचवल्या. पण चुकीच्या अर्ध्या वाचवल्या."

ओसरीवर कुणीतरी फिसकन हसलं.

"येवढा हुशार तू," काकी म्हणाली, "आन् तुला लाल-पांढरा कळला नाय?"

"काकी, तू गप बस."

"मी कशाला गप बसू? रगात माझा गेला." ती मॅडमकडे वळली. "बाई, आमी देऊ परत. ह्याच्या शब्दावर नाय. तुमी येऊन सांगितला म्हनून. पन येक सांगते, कागद परत वाचू नका."

"वाचावा लागेल," मॅडम म्हणाल्या. आणि आठ वेळा वाचला. मी ओसरीच्या पायरीवर बसून ऐकला.

नववा माणूस गावाच्या कडेच्या वाडीतला. घरादारासह वीटभट्टीवर गेला होता. मॅडम त्याला शोधत भट्टीवर गेल्या. गाडी माझीच. अंगात राग असला तरी भाड्याला नाही म्हणायची मला सवय नाही. माणूस सापडला, पण तापाने फणफणलेला. त्याला गाडीत घालून दवाखान्यात नेलं, बरा होईपर्यंत मॅडम दोनदा जाऊन आल्या. मी म्हटलं, आता बरा झालाय, घ्या रक्त. म्हणाल्या, तापानंतरचं रक्त वेगळं असतं, आता ते निरोगी आठांच्या रांगेत बसणार नाही.

"मग माझं घ्या. नऊ भरतील."

"तुमचं घेता येईल," त्या म्हणाल्या, "पण ते नववं होणार नाही. ते तुमचं होईल. नववी जागा मोकळीच राहील."

मोकळी जागा भरत नसेल तर मी सुई का टोचून घेऊ? नाही दिलं.

आठांच्या नळ्या यावेळी पुण्याला पोचल्या. वाटेत मी गाडी कुठेही थांबवली नाही, चहालाही नाही. पुढे शेडचा करार संपला, मॅडम दुसऱ्या शहरात गेल्या. जाताना पट्टी आणि तक्ता मला देऊन गेल्या. तक्ता मी फाडला. पट्टी चांगली होती, ती गाडीत आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांनी मोबाइलवर एक लेख पाठवला. इंग्रजी. पुतणी शहापूरला कॉलेजात शिकवते, तिला वाचून सांगायला बसवलं. ती सांगत गेली. लागण झालेल्या पेशींत एका गोष्टीच्या चिठ्ठ्यांचा ढीग होता आणि माल जवळजवळ नव्हता. आठही जणांत तसंच. नुसत्या चिठ्ठ्या मोजणाऱ्याला वाटलं असतं, शरीर जोरात लढतंय. माल बघितला तेव्हा कळलं की हत्यार बनलंच नव्हतं. मला ते पटकन समजलं. धंद्यात असले बरेच बघितलेत.

मग ती मधेच थांबली आणि हसली. "काका, हे तुमचं आहे."

"काय?"

तिने वाचलं. आधी नऊ जणांचे नमुने घेतले होते. फ्रीजर बंद पडल्यावर एका कॅनमध्ये अर्धेच नमुने हलवता आले आणि ते प्रथिनांचे निवडले गेले. जोडीतले उरलेले अर्धे खराब झाल्यामुळे सगळेच टाकून दिले. आठ जणांनी पुन्हा रक्त दिलं. नवव्याचं घेता आलं नाही.

मी तिथल्या तिथे मॅडमना फोन लावला. जेवत होत्या बहुतेक.

"ते कॅनचं वाक्य काढता येणार नाही का?"

"नाही. त्यात काही चूक आहे का?"

"चूक नाही."

"मग?"

"मग काय, तुम्ही जेवा," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

पुतणीला ते वाक्य मी पुन्हा वाचायला लावलं, शब्द शब्द सुटा करून. एखादा तरी शब्द खोटा निघेल, म्हणजे फोन करून धडाधड बोलता येईल, म्हणून तिसऱ्यांदाही वाचायला लावलं. निघाला नाही.